न्हावाशेवाच्या पलीकडचं पाणी

सोलापुरात विणलेला टॉवेल युरोपात जायचा तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून कंटेनर निघतो, पुणे मागे टाकतो, घाट उतरतो आणि न्हावाशेवा बंदराला पोचतो. तिथून पुढे त्याचं काय होतं, याची आमच्या गावात फारशी चर्चा होत नाही. बीएल, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, हातात आलं, कागद बँकेत गेले, की माल गेला असं आम्ही म्हणतो. एका टॉवेलच्या कारखान्यात याच कागदांचं काम मी करते. बंदराचं नाव, जहाजाचं नाव, सील नंबर, कंटेनर नंबर हे सगळं दर आठवड्याला माझ्या हातून टाइप होतं. तरी लूमच्या खडखडाटात समुद्राचं नाव कधी कुणी काढत नाही. गाव समुद्रापासून अडीचशेहून जास्त किलोमीटर आत, पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. इथं पाण्याची काळजी उजनी धरणाच्या टक्केवारीत मोजतात.

२०२३ चा डिसेंबर उजाडला आणि समुद्र कारखान्यात आला. येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले होते. नोव्हेंबरात तर 'गॅलेक्सी लीडर' हे अख्खं जहाजच त्यांनी पळवून नेलं. मोठ्या शिपिंग कंपन्यांनी सुएझची वाट सोडली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून युरोपकडे जायला लागली. दहा ते चौदा दिवसांची वाट वाढली. फ्रेट, म्हणजे जहाजाचं भाडं, चढलं, युद्धजोखमीचा विमा चढला, रिकामे कंटेनर वेळेवर मिळेनासे झाले. माल उशिरा पोचणार म्हणजे पैसे उशिरा येणार, आणि इकडे सुताच्या व्यापाऱ्याला तर ठरल्या तारखेलाच द्यायचे. आमच्याकडे रात्रपाळीचे काही लूम बंद ठेवावे लागले.

तेव्हा लूमची देखभाल करणाऱ्या आमच्या जॉबरनं मला विचारलं, "अक्का, भांडण तिकडं लागलंय म्हणता. मग आमची पाळी का कमी झाली?"

मालकाला, राजकारण्याला, अर्थतज्ज्ञाला विचारावा असा हा प्रश्न. मी त्याला सुएझचा नकाशा मोबाइलवर दाखवला. तो बघून त्यानं दुसरा प्रश्न केला, तो जास्त अवघड होता: "मग तिथं राखण कोण करतं?"

त्या हिवाळ्यात त्याचं उत्तर बातम्यांतून मिळत गेलं. भांडण 'तिकडं' राहिलंच नव्हतं. २३ डिसेंबरला 'केम प्लुटो' या टँकरवर ड्रोन आदळलं, ते गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर. नौदलानं अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडे दहाहून जास्त युद्धनौका धाडल्या. २६ जानेवारी २०२४ रोजी 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडून आग लागली. जहाजाची हाक ऐकून 'आयएनएस विशाखापट्टणम' धावली, तिचे दहा अग्निशमन जवान जळत्या टँकरवर चढले आणि त्यांनी जहाजावरच्या लोकांबरोबर आग विझवली. फ्रेंच आणि अमेरिकन नौकांनीही मदत केली. जहाज परक्यांचं, झेंडा परका; त्यावर बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते.

मार्चमधली 'रुएन'ची कामगिरी तर मी दोनदा-तीनदा वाचली. सोमाली चाच्यांनी डिसेंबरात पळवलेलं हे मालवाहू जहाज ते स्वतःच दुसरी जहाजं लुटायला वापरत होते. 'आयएनएस कोलकाता'नं ते भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर अडवलं. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो आणि त्यांच्या बोटी समुद्रात उतरवल्या. चाळीस तास हे चाललं. शेवटी ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. त्या सतरांत भारतीय कुणी नव्हता. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं.

मला वाटतं, नौदलाचं खरं काम समजायला लढाईपेक्षा अशा मोहिमा जास्त उपयोगी पडतात. देशाच्या परदेशी व्यापारातला वजनानं सुमारे ९५ टक्के आणि किमतीनं सुमारे ७० टक्के माल समुद्रावरून जातो-येतो. बाहेरून येणारं खनिज तेल जवळजवळ सगळं जहाजानंच येतं. सोलापूरचे टॉवेल, करमाळ्याकडची आखाती देशांत जाणारी केळी, सांगोल्याची डाळिंबं, कापडाला लागणारी रसायनं, ट्रकमधलं डिझेल या सगळ्यांचा हिशेब त्या पाण्याशी बांधलेला आहे. वाटेवर युद्धनौका उभी असली की विमा कंपनीचा आकडा उतरतो, कप्तान तीच वाट धरायला धजावतो आणि काहीच घडत नाही. काहीच घडलं नाही याची बातमी कुठं छापून येत नाही. म्हणून तर आपल्याला ते काम दिसत नाही.

मराठी माणसाला हे नवीन असायला नको होतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. डोंगरी मुलुखात वाढलेल्या, घोडदळावर राज्य उभं करणाऱ्या राजाला हे कळावं, याचं मला आजही नवल वाटतं. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज हे सगळे समुद्राच्या बाजूनं बसले होते आणि किनाऱ्यावरच्या रयतेला कधी लुटायचं हे तेच ठरवत होते. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर किल्ला उठायला लागला तेव्हा इंग्रजांनी आपल्या मोठ्या जहाजांनिशी वेढा घातला. मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्या रात्री त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोचवत राहिल्या. बेट मराठ्यांकडेच राहिलं.

पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाला त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. न घेतला तर जहाज धरलं जाई. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हणून ठेवलं आणि आपणही बराच काळ ते पुस्तकांत वाचलं. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या वाटेवर जकात आणि परवाना लावणं हे राज्याचं काम आहे, आणि कान्होजी ते राज्याच्या वतीनंच करत होते. त्यांच्या हयातीत, म्हणजे १७२९ पर्यंत, इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांना मोडू शकले नाहीत.

मोडलं ते आपण. १७५६ च्या फेब्रुवारीत नानासाहेब पेशव्यांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचा काटा काढायला इंग्रजांची मदत घेतली. तुळाजींशी त्यांचं वैर होतं, तुळाजी कुणाचं ऐकत नव्हते, हे सगळं खरं. पण विजयदुर्गाखाली उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार त्या दिवशी जळून गेलं. जाळणारे दोघं होते, ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह. हेच दोघं तिथून पुढे बंगालकडे गेले, जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये प्लासी झाली. शाळेत आम्हाला पानिपत तारखेसकट पाठ करायला लावलं. विजयदुर्गाबद्दल एक ओळही आठवत नाही. माझ्या मते त्या शतकात मराठ्यांनी केलेली सगळ्यांत महागडी गोष्ट पानिपताच्या पाच वर्षं आधी कोकणात घडली.

आणि तिचा शेवट आमच्या गावात झाला. मे १८१८ मध्ये जनरल मन्रो सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासमोर येऊन उभा राहिला. दुसऱ्या बाजीरावाचं उरलंसुरलं पायदळ आणि तोफा इथंच होत्या. काही दिवसांत किल्ला पडला. आज तिथं बाग आहे, मुलं खेळतात, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव आहे. त्या तटाजवळून जाताना मला नेहमी वाटतं की मन्रोची फौज जमिनीवरून चालत आली असेल, पण तिची बंदुकीची दारू, तिचे पैसे आणि तिच्यामागची सत्ता समुद्रावरून आली होती. ज्यांनी समुद्र सोडला त्यांना देशावरचा किल्लाही राखता आला नाही.

पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं इथलं आरमार इंग्रजांचंच. कंपनीच्या १६१२ मधल्या चार-दोन गलबतांपासून सुरू झालेल्या त्या दलाची नावं बदलत गेली आणि १९३४ मध्ये ते रॉयल इंडियन नेव्ही झालं. मोठ्या युद्धनौका ब्रिटनच्या, हुकूम ब्रिटनचे. इथल्या माणसानं लहान जहाजांवर राबायचं. त्या राबणाऱ्यांनी एकदा जे केलं ते मात्र सोलापूरच्या माणसानं सविस्तर वाचावं असं आहे.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातल्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण नाकारलं आणि कामही नाकारलं. कारण एकट्या जेवणाचं नव्हतं. वरिष्ठ गोरे अधिकारी तोंडाला येईल ते बोलत, पगारात आणि वागणुकीत भेद होता, आणि बाहेर आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी देश तापला होता. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात उतरले. जहाजांवरून युनियन जॅक उतरला आणि काँग्रेस, मुस्लिम लीग, कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे शेजारी शेजारी चढले. मुंबईच्या लोकांनी अन्न गेटवेपाशी आणून दिलं. २२ तारखेला गिरणी कामगार रस्त्यावर आले. गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसं गेली. नेत्यांनी सल्ला दिला आणि २३ तारखेला नौसैनिकांनी शस्त्रं ठेवली.

सोलापूरच्या गिरणी कामगारांनी हे सोळा वर्षं आधी अनुभवलं होतं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथं गोळीबार झाला, पोलीस गाव सोडून गेले, काही दिवस गाव लोकांनीच चालवलं, आणि मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्म्यांना आम्ही विसरलो नाही, चौकात ते उभे आहेत. पण मुंबईच्या त्या नौसैनिकांचं काय? शेकड्यांनी बडतर्फ झाले आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं गेलं नाही. बंड करणाऱ्याला सैन्यात जागा नसते, ही शिस्तीची बाजू मला कळते. तरी परक्या सत्तेविरुद्धच्या बंडाला तोच नियम लावणं मला पटलेलं नाही. कुलाब्यात त्यांचं स्मारक झालं ते थेट २००१ मध्ये.

फाळणीत नौका वाटल्या गेल्या. नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख, व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी, १९५८ मध्ये नेमला गेला. तोवर ब्रिटिश अधिकारीच प्रमुख होते. तिन्ही दलांत नौदलाचा पैसा कायम सर्वांत कमी राहिला. दिल्ली समुद्रापासून दूर आहे, आणि शत्रू डोंगरातून आणि वाळवंटातून येतो अशी आपली जुनी समजूत. १९६१ मध्ये 'विक्रांत' ही विमानवाहू नौका ब्रिटनमधून तयार करून घेतली आणि त्याच डिसेंबरात गोवामुक्तीत अंजदीव बेटावर उतरताना सात नौसैनिक कामी आले.

मग १९७१. रशियाकडून घेतलेल्या क्षेपणास्त्र बोटी किनाऱ्याजवळच्या बचावासाठी होत्या. त्यांचा पल्ला कमी, पोटात इंधन थोडं. त्या कलकत्त्याला उतरवाव्या लागल्या, कारण एवढं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती, आणि तिथून ओढत पश्चिम किनाऱ्याला आणाव्या लागल्या. त्या ओढण्यातूनच कल्पना निघाली की याच बोटी ओढत कराचीजवळ नेल्या तर? आंग्र्यांची गलबतंही वारा पडला की वल्ही मारत मोठ्या गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, ओढून नेत. चार डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन बोटींनी बबरूभान यादव यांच्या नेतृत्वाखाली कराचीवर हल्ला केला. रशियात शिकलेले हे नौसैनिक वायरलेसवर आपसात रशियन बोलत होते, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. 'खैबर' विनाशिका बुडाली, 'मुहाफिज' बुडाली, आणि आपली एकही बोट गेली नाही. चार दिवसांनी 'विनाश'नं पुन्हा जाऊन केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. पूर्वेला 'विक्रांत'ची विमानं कॉक्स बझार आणि चितगावला धडकत होती. चार डिसेंबर हा नौदल दिन झाला तो या हल्ल्यामुळे.

या आठवणीत नऊ डिसेंबरही असायला हवा. दीवजवळ 'खुकरी'वर 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीनं टॉर्पेडो सोडले. काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्लांनी आपलं जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिलं आणि ते स्वतः जहाजावरच राहिले. दीवला त्यांचं स्मारक आहे. दीवला जाणाऱ्या सहलीतल्या गाइडनं तिथं थोडा जास्त वेळ थांबावं, एवढी माझी मनापासूनची विनंती आहे.

देशावरच्या माणसाचा नौदलाशी काय संबंध, असं कुणी म्हणालं की मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट सांगते. मुंबईला जाताना ती लोणावळा घेते. तिथं डोंगरात, समुद्रापासून वर, 'आयएनएस शिवाजी' आहे. १९४५ पासून नौदलाचे इंजिनिअर आणि इंजिनरूममधली माणसं तिथं तयार होतात. लूमच्या शेडमध्ये चांगला जॉबर नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो, तसं टर्बाइनच्या आवाजावरून ओळखणारी माणसं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) नौदलाचे कॅडेट धरणाच्या पाण्यात शिडाची होडी चालवायला शिकतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात आलेल्या नव्या 'विक्रांत'ला लागणारं खास पोलाद बाहेरून मिळेना. ते हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेनं आणि 'सेल'नं इथंच घडवलं. आमच्यावरून जाणारा महामार्ग त्याच हैदराबादला जातो. पोलाद बनलं भिलाईसारख्या गावांत, जिथून समुद्र आमच्याहूनही लांब.

ते जहाज उभं राहायला लागलेला काळ मात्र बघा. बांधणीची सुरुवात, म्हणजे कील ठेवणं, २००९ मध्ये, आणि दाखल व्हायला १३ वर्षं. त्याआधी आराखड्याची दहा वर्षं वेगळी. आरमार असं संकट आल्यावर बाजारातून आणता येत नाही. तुळाजींचं जळलं तेव्हा ते परत उभं करायला मराठ्यांना वेळच मिळाला नाही.

आमच्या जॉबरची धाकटी मुलगी आता बारावीला आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गणितात गुण चांगले. बापानं 'रुएन'ची गोष्ट घरी सांगितली होती, तेव्हापासून तिनं अग्निवीरच्या नौदल भरतीचं मनावर घेतलंय. गेल्या रविवारी दोघं माझ्याकडे आले. वयाची अट, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, ओडिशातल्या चिल्काचं प्रशिक्षण, सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मुलींची पहिली तुकडी २०२३ मध्ये तिथून बाहेर पडली, हेही तिनंच सांगितलं. 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून दिलना आणि रूपा या दोन अधिकारी महिला २०२५ च्या मेमध्ये पृथ्वीला फेरी मारून आल्या, त्यांचा फोटो तिच्या मोबाइलवर आहे.

बाप म्हणाला, "अक्का, हिनं समुद्र बघितलाच नाही की अजून. पोहायला पण येत नाही."

ती लगेच म्हणाली, "चिल्काला शिकवतात पोहायला. आणि आई म्हणालीय, उन्हाळ्यात मामाच्या विहिरीवर जाऊ."

मग आम्ही फॉर्मला लागणाऱ्या कागदांची यादी करायला बसलो. अधिवासाचा दाखला सेतूतून काढायचा राहिला आहे.